गोटा हातात असताना

साल एकोणीसशे छप्पन. मी एकोणीस वर्षांचा होतो, माझा थोरला भाऊ चोवीसचा. मी म्हातारा झालो. तो चोवीसचाच राहिला, आणि गावाने त्याला दारुडा करून ठेवलं.

यंदा एका लग्नात माझ्या पंगतीला एक शिकलेला माणूस बसला होता. मूळ आमच्याच गावचा, पण बाहेर नोकरीत वाढलेला. त्याने मला माझ्याच गावची गोष्ट सांगितली. म्हणाला, मेडशीच्या रस्त्यावर मोटारीखाली आलेला पहिला माणूस मोहाची पिऊन चालला होता म्हणे, मागून भोंगा वाजत होता तरी त्याला ऐकू गेलं नाही. सांगून तो हसला आणि पोळी मोडायला लागला. मी ताटावरून उठलो. वाढणाऱ्यांना वाटलं वरण खारट झालं.

म्हणून हे लिहितो आहे. मी तिसरी शिकलो, तीही पुरी नाही. पण मी जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहायला मला कोणाला विचारायची गरज नाही, आणि ज्याला खोटं वाटेल त्याने वाचू नये.

आमचं गाव मेडशीपासून आत, रानाला लागून. जिल्हा तेव्हा अकोला होता. गावाच्या तीन बाजूंनी साग, सालई आणि धावडा, आणि एका बाजूने शेतं. भाऊ त्या तीन बाजूंचा होता. बाप म्हणायचा, हे पोरगं चुकून घरात जन्मलं, याले झाडाच्या ढोलीत जन्मायले पाहिजे होतं. औत धरायला लावलं की दुपारपर्यंत औत बांधाला आणि भाऊ रानात. उन्हाळ्यात मध, हिवाळ्यात डिंक, पावसाळ्यात रानभाजी. मधल्या काळात लोकांची हरवलेली गुरं शोधून आणायची. लोक त्याला रिकामटेकडा म्हणत आणि गाय हरवली की पहिलं आमच्या दारात येत.

कड्याला लागलेलं आग्या मोहोळ तो एकटा काढायचा. पळसाच्या मुळ्या कुटून त्याच्या वाखाचा दोर स्वतः वळायचा. बाजारातल्या दोरावर त्याचा विश्वास नव्हता. दोराला लोंबकळत, ओल्या पाल्याचा धूर करत, माश्यांशी हळू आवाजात बोलत खाली उतरायचा. मी एकदा वरून दोर धरला होता. खाली पाहिलं आणि मी देवाचं नाव घ्यायला लागलो. तो खालून म्हणाला, "दोर धर, देव मंग धरजो." मी दोर धरला.

आता एक गोष्ट नीट वाचा, कारण सगळं तिच्यावर आहे. मध काढणारा माणूस दारू पीत नाही. माशीला तो वास खपत नाही. दारूच्या वासावर ती तुटून पडते. भाऊ मोहोळाच्या दिवसांत कांदासुद्धा खायचा नाही. होळीला पोरं त्याला धरून पाजायला पाहायची तेव्हा तो म्हणायचा, "माश्याईले इचारून येतो. त्या हाव म्हणाल्या तं पेतो." त्याने कधी प्यायली असेल तर मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही असं त्याचं काही नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याचे कान. संध्याकाळी पारावर बसलं की शिवारातून गाड्या परत यायच्या. गाडी दिसायच्या आधी भाऊ सांगायचा ती कोणाची. प्रत्येक आखाचं कुरकुरणं वेगळं असतं म्हणायचा. वांदरं कोणत्या झाडावर खाकरली त्यावरून बिबट कोणत्या अंगाने चालला ते सांगायचा. पाटलाची म्हैस एकदा दोन दिवस सापडत नव्हती. गावातले सगळे हाका मारून थकले. भावाने सगळ्यांना गप्प बसवलं, नाल्याच्या काठावर डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, घंटी वाजून राह्यली. आम्हाला कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. म्हैस दोन टेकड्यांपलीकडे एका खड्ड्यात अडकली होती. तिला ओढून काढताना पाटील स्वतः म्हणाला होता, "गड्या, तुले कान नाई, सुपं देल्ले देवानं." हे वाक्य पाटलाचं आहे. लक्षात ठेवा.

मी भावासारखा नव्हतो. मला रोजी आवडायची. अकोल्याकडून वाशिमकडे जाणारा मोठा रस्ता तेव्हा डांबरी होत होता आणि मी त्यावर गिट्टी फोडायला जायचो. सकाळी हातोडा हातात घ्यायचा, संध्याकाळी ठेवायचा. भाऊ रानातून उतरताना माझ्याजवळ थांबायचा. माझ्या फोडलेल्या ढिगावर बसून मला टोचायचा.

"डोंगर काई सरत नाई, लेका. तू सरशील."

मी म्हणायचो, रस्ता झाला की तुझा मध मोटारीने अकोल्याला जाईल, तेव्हा मला सांगशील.

"मध जाईन. मी कायले जाऊ?" तो म्हणायचा, आणि उठता उठता माझ्या मडक्यातलं पाणी पिऊन टाकायचा.

मला त्याचा राग यायचा. रोज यायचा. आज वाटतं त्या रागाइतकं चांगलं त्यानंतर काही घडलं नाही.

आता त्या ढिगाची गोष्ट. आमच्या आज्याला, म्हणजे बापाच्या बापाला, वाघाने मारलं होतं. बाप तेव्हा चालायलाही लागला नव्हता. आजा हरवलेला बैल शोधायला गेला आणि गाडीवाटेवर, नाल्यापासून थोडं वर, वाघाने त्याला धरलं. आमच्या भागात रानाने मारलेल्या माणसाला गोटा द्यायची रीत होती. जिथं तो पडला तिथं येणारा-जाणारा प्रत्येक जण एक गोटा ठेवतो. वर्षानुवर्षं गोटे चढत जातात. आज्याचा ढीग माझ्या छातीइतका झाला होता. बापाने आपला बाप पाहिलेला नव्हता. त्याच्यासाठी बाप म्हणजे तो ढीग. सणाला पहिला घास तो तिथं नेऊन ठेवायचा. औताचे नवे बैल पहिल्यांदा त्या ढिगाला दाखवून आणायचा.

गोटा कसा द्यायचा त्याचाही नियम होता. कुठलाही दगड चालत नाही. नाल्याच्या पाण्यातून ओला, गुळगुळीत गोटा उचलायचा आणि तो हातात घेतल्यापासून ढिगावर ठेवेपर्यंत मागं पाहायचं नाही, थांबायचं नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. वाघाने नेलेला माणूस मागून हाक मारतो. आपल्याच घरच्याच्या आवाजात मारतो. ओ दिली, मान वळवली, की तो सोबत चालायला लागतो आणि मग त्या घरातला दुसरा माणूस रानाच्या तोंडी लागतो. परक्याने नियम मोडला तर एक वेळ चालेल, रक्ताच्या माणसाने मोडायचा नाही. हे आम्हाला बापाने शिकवलं. चालायला लागलो तेव्हापासून शिकवलं. लहानपणी मी एकदा गोटा हातात असताना मागं पाहिलं म्हणून बापाने मला त्याच नाल्यात उभं करून झोडपलं होतं, आणि मग स्वतः बुवाकडे जाऊन माझ्यासाठी अंगारा आणला होता.

मी रस्त्याच्या कामावर लागल्यावर गोटा द्यायचं सोडलं. दिवसभर दगडच हातात, पुन्हा संध्याकाळी कोण दगड उचलतो. भावाने सोडलं नाही. रानात जाताना एक, येताना एक. डोक्यावर मधाचा डबा असला तरी नाल्यात वाकायचा.

आणि मग ती गाडीवाट मोठ्या रस्त्यात गेली. नाल्यावर लहान पूल झाला. पुलापासून रस्ता वर चढत जातो, आणि चढावर डाव्या हाताला, अगदी डांबराच्या कडेला, आज्याचा ढीग. मुरूम काढायला दोन्ही अंगांनी चर खणले होते, त्यामुळे पुलापासून ढिगापर्यंत जायचं तर रस्त्यावरूनच चालावं लागायचं. हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. नियम करणाऱ्याच्या वेळी मागून येणारा म्हणजे फार तर बैल.

मोह पडायचे दिवस होते. सकाळचं ऊन चढलं होतं. मी चढाच्या वर, वळणापलीकडे, गिट्टी फोडत होतो. मालमोटारी तो चढ चढायला खालूनच जोर घेऊन यायच्या, कारण मध्ये थांबली की भरलेली गाडी पुन्हा उचलायची नाही. मला भोंगा ऐकू आला. पुन्हा आला. मग लांबलचक आला आणि बंद झाला. आणि मग काहीच आवाज आला नाही, तेव्हा मी हातोडा टाकून पळालो.

भाऊ रस्त्याच्या पलीकडच्या चरात पडला होता. पळसाच्या बुंध्याशी. मी त्याचं काही वर्णन करणार नाही. ते माझ्याजवळ आहे, ते कोणाला द्यायचं नाही. एवढंच सांगतो की जीव गेलेला होता, आणि त्याचा उजवा हात मिटलेला होता, आणि त्यात नाल्यातला गोटा होता. अजून ओला होता.

गाडीचा ड्रायव्हर चाकाला टेकून खाली बसला होता. कोणीतरी मुसलमान माणूस, वयाने बापाएवढा. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "मैंने बजाया, भाई. बजाता रहा. वो मुड़ा ही नहीं." माझा त्याच्यावर तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. माणूस भोंगा ऐकून बाजूला होतो असं धरून तो चालला होता. सगळी माणसं होतात. त्याला आमचा आजा माहीत नव्हता.

पुलाच्या कठड्यावर आमच्या गावची एक म्हातारी मोळी टेकवून बसली होती. तिने सगळं पाहिलं. तिने सांगितलं, भावाने नाल्यातून गोटा घेतला, वर आला, चालायला लागला. मोटर मागून आली. भोंगा वाजला तशी भावाची पाठ ताठ झाली. म्हणजे त्याला ऐकू आलं. तिनेही हाक मारली, बाजूले हो बाप्पा म्हणून. त्याने पाऊल लवकर टाकलं. ढीग समोरच होता, चार-सहा पावलांवर. त्याला वाटलं पोहोचतो. तो धावला नाही, चरात उडी मारली नाही, वळला नाही. चालत राहिला.

हे ऐकून मला रडू आलं नाही. मला वाटलं, हे बरोबर आहे. तो असाच होता. मेला तोही आपल्या रीतीने मेला. एवढं तर त्याच्याजवळ राहील असं वाटलं मला. एकोणीस वर्षांचा होतो मी.

पाटलाने आमच्या जवळच्या मालेगावच्या पोलीस ठाण्यात माणूस पाठवला होता. दुपारी जमादार सायकलवर आला. घामाने भिजलेला, पण टोपी सरळ. तोवर अर्धं गाव जमलं होतं. माय घरी होती, तिला बायांनी धरून ठेवलं होतं. बाप ढिगाजवळ उकिडवा बसला होता, भावाकडे पाठ करून.

जमादाराने ड्रायव्हरला विचारलं, मग भावाजवळ गेला. भावाच्या कमरेला दुपट्टा बांधलेला होता. त्याने तो सोडला. आत मोहाची फुलं होती. मायने सांगितली होती, भाकरीत घालायला. आमच्या घरात त्या महिन्यात मोह घातलेली भाकर व्हायची, पाटलाच्याही घरात व्हायची, सगळ्या गावात व्हायची. जमादाराने फुलांचा वास घेतला आणि मान हलवली, जसं काही सापडलंच.

"पीत होता का?" त्याने विचारलं.

मग त्याने दुसरं विचारलं. बहिरा होता का? एवढा भोंगा वाजतो, माणूस वळत नाही. एक तर ऐकू येत नसेल, नाहीतर शुद्धीत नसेल. तिसरं काय असेल, तुम्हीच सांगा.

तिसरं काय होतं ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. माझ्याखेरीज त्यातल्या एकानेही आयुष्यात गोटा हातात असताना मागं पाहिलं नव्हतं. मी पाटलाकडे पाहिलं. पाटील आपल्या जोड्यांकडे पाहत होता. मी म्हातारीकडे पाहिलं. तिने मोळी उचलली आणि डोक्यावर घेतली, जसं आत्ताच आली आणि आत्ताच चालली.

मग पाटील बापाजवळ जाऊन बसला. मी दोघांच्या मागेच होतो, मला सगळं ऐकू आलं. माझेही कान काही वाईट नव्हते. पाटील म्हणाला, खरं सांगितलं तर जमादार पहिलं विचारेल की हा दगडांचा ढीग इथं रस्त्याच्या कडेला कायले. सायबाला कळेल की या ढिगापायी माणसं रस्त्यावरून मान न वळवता चालतात. उद्याच्या उद्या ढीग उचलून टाकतील. आणि वर आपल्याला जंगली म्हणतील ते वेगळंच. पोरगा तर गेला. आता काही म्हटल्याने परत येतो का?

लोक पुढं म्हणायचे की पाटलाने मोटारवाल्याकडून पैसे खाल्ले. नाही. मी त्याला ओळखत होतो, पैसे त्याने खाल्ले नाहीत. खाल्ले असते तर मला बरं वाटलं असतं, पैशाला माणूस भुलतो हे समजतं. पाटील टोपीवाल्या माणसापुढं लाजला. घरी ज्या ढिगाला तो हात जोडायचा त्याचं नाव जमादारापुढं घ्यायला लाजला.

मी पुढं झालो. जमादाराला म्हटलं, साहेब, माझा भाऊ पीत नव्हता आणि बहिरा नव्हता. त्याच्या हातातला गोटा दाखवला. नाल्यापासून ढिगापर्यंतचा सगळा नियम सांगितला. आज्याचं सांगितलं, वाघाचं सांगितलं, मागून येणाऱ्या हाकेचं सांगितलं. मी इतकं बोललेलो मलाच आठवत नाही. म्हटलं, त्यानं आइकलं, साहेब. आइकूनच वळला नाही.

जमादार वाईट माणूस नव्हता. तो मोठ्याने हसला नाही. त्याने गोटा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि बाजूला टाकून दिला. मग बापाकडे वळून म्हणाला, "बुवा, हा पोरगा काय सांगतो? खरं आहे का?"

बाप उठला. त्याने ढिगावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा. माझ्याकडे पाहिलं नाही.

"भाऊ गेला त्याचा. डोकं ठिकाणावर नाई," बाप म्हणाला. "थोरला पेत होता, साहेब."

मी बापाच्या अंगावर धावून गेलो असतो, दोघांनी मला धरलं. जमादाराला जे पाहिजे होतं ते मिळालं. गावातल्या चार जणांनी अंगठे उठवले. ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होता. मला वाटतं, तिथं एकट्या त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

संध्याकाळी नाल्याच्या काठाला भावाला आग दिली. परत येताना मी बापाला वाटेत अडवलं. बाकीचे पुढं गेले होते. मी विचारलं, काहून? एवढंच विचारलं.

बापाने ढिगाच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाला, "पोरगा तं गेला. बाप तं राहू दे मले."

पुष्कळ लोकांनी मला आयुष्यात सांगितलं की बापाला समजून घे. मी समजून घेतलं आहे, समजून घ्यायला काय लागतं. त्याने आपला कधी न पाहिलेला बाप वाचवला आणि त्यासाठी वाढवलेला पोरगा दिला. हिशोब सरळ आहे. मला फक्त मान्य नाही.

आणि वाचला का तो ढीग? तेही सांगून टाकतो. दोन पावसाळे गेले आणि रस्ता रुंद करायचं निघालं. मुकादमाला गोटे कमी पडत होते, ढीग समोर तयार होता. त्याने कोणाला विचारलं नाही. एका दुपारी आज्याचे सगळे गोटे फुटून गिट्टी झाले आणि डांबराखाली गेले. मी त्या दिवशी कामावर गेलो नाही. पाटील आला नाही, गावातलं कोणी आलं नाही, ज्यांनी ढिगासाठी अंगठे दिले होते त्यांच्यापैकीही कोणी नाही. बाप अंगणात बसून होता. हातोड्यांचे आवाज गावापर्यंत येत होते. तो मरेपर्यंत त्या रस्त्याने गेला नाही. वाशिमला जायचं झालं तर शेतांतून फेरा मारायचा. मी त्याला कधी काही टोचून बोललो नाही. त्याच्याशी मी कामापुरतंच बोलायचो, आणि काम असं फार नसायचं.

गाव तर विसरून गेलं. ढीग गेला, नियम गेला. आता कोणाला सांगितलं की गोटा हातात असताना मागं पाहायचं नसतं, तर लोक हसतात. तेव्हा राहिलं काय? जमादारापुढं बाप जे बोलला तेवढं राहिलं. खोटं होतं ते टिकलं. ते आता लग्नात वरणाबरोबर वाढतात.

पण हे सगळं पुढचं. भावाला आग दिली त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उजाडायच्या सुमारास उठलो आणि कोणाला न सांगता रस्त्यावर गेलो. जमादाराने टाकलेला गोटा शोधला. तो गिट्टीच्या ढिगाला लागून पडला होता, पण लपत नव्हता. गिट्टी काळी आणि धारेची, हा गोल आणि गुळगुळीत. माती लागली होती. तो घेऊन खाली नाल्यात उतरलो. पाण्यात सोडला. मग वाकून पुन्हा उचलला, कारण नियम तसा आहे. पाण्यातूनच उचलावा लागतो.

गोटा घेऊन पुलावर आलो आणि रस्त्यावरून वर चालायला लागलो. मी किती वर्षांत असा चाललो नव्हतो. मान जड होते. पाठीला डोळे फुटतात. मला वाटत होतं की आता हाक येईल. खरं सांगतो, मला ती पाहिजे होती. भावाने एकदा हाक मारावी, माझ्या मडक्यातलं पाणी सरलं म्हणून शिवी द्यावी. त्याने मारली नाही.

मागं मोटारीचा आवाज आला. सकाळची पहिली मोटर मालेगावकडे जायची ती. भोंगा वाजला. मी चालत होतो. आज्याच्या ढिगाजवळून गेलो, तिथं थांबलो नाही. मला पलीकडे, भाऊ पडला होता त्या पळसाकडे जायचं होतं, आणि त्यासाठी रस्ता ओलांडायचा होता. भोंगा पुन्हा वाजला, जवळ आला.

मग हाक आली. भावाची नव्हती, बापाची होती. तो माझ्या मागोमाग आला असेल. त्याने माझं नाव घेतलं. मग पुन्हा घेतलं, आणि दुसऱ्या वेळेस त्याचा आवाज असा फुटला की तसा मी त्याचा आवाज आदल्या दिवशीही ऐकला नव्हता. "बाजूले हो," तो ओरडला. "मांगं पाह्य. मांगं पाह्य रे."

आयुष्यभर ज्याने मागं पाहू नको म्हणून शिकवलं, एकदा पाहिलं म्हणून मारलं, तो सांगत होता.

गोटा माझ्या हातात होता. मी रस्ता ओलांडला. मोटर करकरत माझ्या पाठीजवळून वळली, तिची धूळ माझ्या मानेवर आली. पुढं जाऊन ती थांबली आणि ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं की बहिरा हाये का बे तू.

मी पळसाच्या बुंध्याशी वाकलो. गोटा ठेवला. नीट बसला नाही म्हणून पुन्हा फिरवून बसवला. मग उभा राहिलो आणि मागं पाहिलं. बाप पुलावर उभा होता, कठड्याला धरून.

"नाई," मी म्हटलं. ड्रायव्हरला नाही, बापाकडे पाहून म्हटलं. "मले सगळं आइकू येते."